गठ्ठा कोण बांधणार?

महाराष्ट्राने सहकारात ऊस घातला, दूध घातलं, सूत घातलं, द्राक्षं घातली, पतपेढ्यांत आयुष्यभराच्या ठेवी घातल्या आणि काही ठिकाणी त्या बुडवूनही दाखवल्या. तिसऱ्या मजल्यावरची गळती नेमकी कुणाच्या मोरीतून येते यावर दोन-दोन समित्या नेमणाऱ्या गृहनिर्माण संस्था तर गल्लोगल्ली आहेत. एवढ्या मोठ्या जाळ्यातून लेखक तेवढा सुटला. मराठी लेखक एकत्र येतो तो संमेलनाच्या भोजनमंडपात, नाहीतर शोकसभेत. भागभांडवल गोळा करायला तो एकत्र आल्याचं फारसं ऐकिवात नाही. आणि आलाच, तर पावती कुणाच्या नावाने फाडायची इथपासून मतभेद सुरू होतील, ही भीती सगळ्यात आधी त्यालाच वाटते.

प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना नोंदवला तो १९४८ मध्ये. त्याच्या तीन वर्षं आधी, १९४५ मध्ये, त्रावणकोर संस्थानातल्या कोट्टयम गावी बारा लेखकांनी एक सहकारी संस्था काढली. नाव ‘साहित्य प्रवर्तक सहकरण संघम’. धंदा एकच, पुस्तकं छापायची आणि विकायची. भांडवल रुपये एकशे वीस. भागाकार सोपा आहे, दरडोई दहा रुपये. ‘बारभाईंची शेती, काय लागेल हाती’ अशी म्हण मराठीत आहे. कोट्टयमच्या बारभाईंना मराठी येत नव्हतं, हे मल्याळम साहित्याचं भाग्यच म्हणायचं.

गाव मात्र या कामाला साजेसं होतं. बेंजामिन बेली नावाच्या मिशनऱ्याने १८२१ मध्ये इथल्याच सुताराला हाताशी धरून लाकडी छापयंत्र उभं केलं होतं. ‘मलयाळ मनोरमा’ हे वर्तमानपत्र इथलंच. म्हणजे छापखाने होते, कंपोझिटर होते, वाचणारे होते आणि लिहिणारे तर होतेच होते. लिहिणाऱ्याच्या खिशात काही पडत नव्हतं, एवढीच काय ती उणीव. हस्तलिखित हक्कासकट देऊन टाकायचं, मिळेल ती रक्कम मोजून न घेता कमरेला लावायची, आणि मग पुस्तकाच्या आवृत्त्या किती निघाल्या ते लोकांकडून ऐकायचं, असा मामला. वैकोम मुहम्मद बशीर यांनी तर आपली पुस्तकं आपणच हिंडून विकली आणि पुढे एर्नाकुलमला स्वतःचं पुस्तकांचं दुकानही थाटलं. भाषेतला एवढा मोठा लेखक गल्ल्यावर बसलेला पाहून गिऱ्हाईक घासाघीस करायला कचरत असेल असं वाटतं. पण गिऱ्हाइकांचा एकूण इतिहास पाहता तसा भरवसा देता येत नाही.

संस्थेचे पहिले अध्यक्ष एम. पी. पॉल. हे समीक्षक आणि इंग्रजीचे प्राध्यापक. चर्चच्या ताब्यातल्या कॉलेजातून बाहेर पडून स्वतःची शिकवणी चालवणारे. धर्मसत्तेशी त्यांचं असं काही वाजलं की १९५२ मध्ये ते गेले तेव्हा त्यांना दफनभूमीच्या बदनाम कोपऱ्यात, चर्चच्या नजरेतून उतरलेल्यांसाठी राखलेल्या जागेत, पुरण्यात आलं. इतक्या कडक मंडळींना अंगावर घेतलेल्या माणसाला अकरा लेखकांची समजूत काढणं हे तुलनेने हलकं काम वाटलं असेल. समीक्षकाला अध्यक्ष करण्यात आणखीही एक शहाणपण होतं. आधीच सगळ्यांचा रोष पत्करलेला माणूस खुर्चीवर बसवला, की नव्याने कुणी दुखावलं जायचं शिल्लक राहत नाही.

पण अध्यक्ष ही कोणत्याही सहकारी संस्थेत हाराची जागा. कामाची जागा चिटणिसाची. ती धरली कारूर नीलकंठ पिळ्ळै यांनी, आणि धरली ती थोडीथोडकी नव्हे, वीसेक वर्षं. कारूर हे शाळामास्तर. मल्याळम कथेतलं मोठं नाव. त्यांची ‘पोतिच्चोरु’ नावाची कथा आहे. पोतिच्चोरु म्हणजे केळीच्या पानात बांधलेला भात, मुलांचा दुपारचा डबा म्हणा. कथेतले मास्तर इतके भुकेलेले, की विद्यार्थ्याचा डबा चोरून खातात. मास्तरकीच्या पगारावर ज्याने अशी कथा लिहिली, त्याच्या हाती लेखकांनी तिजोरीची किल्ली दिली. यात भाबडेपणा होता असं कुणाला वाटेल, पण निवड चोख होती. पैसा किती लागतो हे कळण्यासाठी तो कधीतरी अजिबात नसावा लागतो. शिवाय रोजची हजेरी मांडायची, वह्या तपासायच्या, उशिरा येणाऱ्याला बाकावर उभं करायचं, हे सगळं मास्तरांच्या अंगवळणी पडलेलं. आणि लेखकासारखा उशिरा येणारा विद्यार्थी दुसरा नाही.

लेखकांच्या सहकारातला अवघड प्रश्न इथेच येतो. ध्येयधोरणांवर बोलायला बाराच्या बारा तयार असतात. बोधचिन्हात हंस असावा की दिवा, यावर बारा जणांची तेरा मतं निघतात. पण छापून आलेल्या पुस्तकांचा गठ्ठा कोण बांधणार?

गठ्ठा बांधणं ही काय चीज आहे, हे ज्याने बांधला त्यालाच ठाऊक. थप्पी आधी ठोकून सारखी करायची, पुस्तकांच्या पाठी आलटूनपालटून दोन बाजूंना ठेवायच्या, नाहीतर एक बाजू फुगते आणि गठ्ठा गर्भारशीसारखा दिसतो. वर-खाली पुठ्ठा. त्यावर खाकी कागद, लांबचा पल्ला असेल तर गोणपाट. मग सुतळीचे दोन उभे, दोन आडवे फेरे. पहिली गाठ मारली की ती सैल पडू नये म्हणून कुणीतरी तिच्यावर बोट दाबून धरायचं, आणि दुसरी गाठ आवळली जाण्याच्या ऐन क्षणी ते काढून घ्यायचं. सहकाराची इतकी शुद्ध व्याख्या सहकार आयुक्तांच्या कुठल्याही परिपत्रकात सापडणार नाही. बुकपोस्ट होतं तोवर पाकीट त्याने पाठवायचं तर एक टोक उघडं ठेवावं लागे, कारण आत पुस्तकच आहे, प्रेमपत्र नाही, हे टपालखात्याला तपासून बघता यायला हवं असे. व्ही. पी. केली असेल, म्हणजे पैसे गिऱ्हाइकाने पाकीट घेताना पोस्टमनला द्यायचे असतील, तर ती परत येण्याची वाट पाहायची. ती येतेच. ‘मालक गावी गेले आहेत’ असा शेरा घेऊन येते, आणि टपालखर्च पाठवणाऱ्याच्याच बोकांडी बसतो.

कोट्टयमच्या संस्थेने पहिलं पुस्तक काढलं ते तकळी शिवशंकर पिळ्ळै यांच्या कथांचं, म्हणजे नंतर ‘चेम्मीन’ लिहिणाऱ्या तकळींचं. हे गृहस्थ पेशाने वकील. बारा लेखकांच्या संस्थेला पहिल्याच लेखकाच्या रूपाने वकीलही मिळाला. ‘चेम्मीन’ कादंबरी १९५६ मध्ये याच संस्थेतून आली, पुढच्या वर्षी तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, सिनेमा निघाला, देशोदेशी भाषांतरं झाली. एकशे वीस रुपयांच्या पोटातून हे सगळं निघालं.

संस्थेचं नाव देशभरच्या लेखकांच्या तोंडी झालं ते मात्र मानधनामुळे. तीस टक्के रॉयल्टी! हा आकडा मराठी लेखकाला सांगितला तर तो आधी तुमच्याकडे पाहतो, मग तुमच्या तोंडाला वास येतो का ते पाहतो. आपल्याकडे दहा टक्के म्हणजे रीत, पंधरा म्हणजे मान, आणि बऱ्याचदा मिळतात त्या पंचवीस प्रती. तीस टक्के देऊन धंदा कसा व्हायचा? पुस्तकाची किंमत शंभर धरा. तीस लेखकाचे. दुकानदार तीस-पस्तिसाच्या खाली हात लावत नाही. राहिलेल्या पस्तीस-चाळिसात कागद, छपाई, बांधणी, प्रुफं, भाडं, शिपाई, सुतळी. मधला मालक काढून टाकला तरच हे जमतं, आणि मालक काढला की लक्षात येतं, तो बिचारा काही कामंही करत होता.

त्यात गंमत अशी की या संस्थेत प्रत्येक जण तीन टोप्या घालून बसलेला. लेखक म्हणून त्याला रॉयल्टी वाढायला हवी. सभासद म्हणून संस्थेला नफा होऊन लाभांश मिळायला हवा, म्हणजे रॉयल्टी कमी व्हायला हवी. वाचक म्हणून पुस्तक स्वस्त हवं, म्हणजे दोन्ही गेलं. ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याची अवस्था थोडी अशीच, पण त्याला एक सोय असते, त्याचा ऊस शेजाऱ्याच्या उसापेक्षा अधिक प्रतिभावान असल्याचं तो वार्षिक सभेत सांगत नाही.

वार्षिक सभेचा विषय निघालाच आहे तर थोडं थांबू. कोट्टयमच्या सभांचं इतिवृत्त इथे द्यायचा इरादा नाही; पण अशी एखादी संस्था पुण्यात असती तर तिची सभा कशी झाली असती, हे डोळ्यांपुढे आणणं अवघड नाही. वेळ सकाळी दहाची. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, आणि मग त्याच ठिकाणी, त्याच चहावर पुन्हा सुरू. विषय क्रमांक एक, मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. दूध संघात याला दीड मिनिट लागतं. इथे पहिल्याच वाक्यातल्या क्रियापदाला समीक्षकाचा आक्षेप. कादंबरीकाराचं म्हणणं, गेल्या सभेतलं आपलं पात्र नीट उभं राहिलेलं नाही. कवीचं म्हणणं, हे सगळं सात ओळींत मावलं असतं. बालसाहित्यिक हात वर करून बसलेले, त्यांच्याकडे नेहमीप्रमाणे कुणाचं लक्ष नाही. विषय क्रमांक चार, यंदा कुणाची पुस्तकं आधी छापायची. इथे गणपूर्ती एकदम दुप्पट होते; गॅलरीत सिगारेट ओढणारे आत येतात, गेली तीन वर्षं आजारी असलेले सभासद रिक्षातून उतरतात. विषय क्रमांक पाच, गोदामातल्या पडून राहिलेल्या प्रतींची विल्हेवाट. सभागृह रिकामं. ऐनवेळचे विषय मा. अध्यक्षांच्या परवानगीने, म्हणजे दोघांनी एकमेकांच्या पुस्तकांवर गेल्या दिवाळी अंकात काय लिहिलं त्याचा हिशेब.

या सगळ्यातून कोट्टयमची संस्था नुसती तगली नाही, वाढली, याचं श्रेय कारूरांइतकंच आणखी एका माणसाला जातं. डी. सी. किझक्केमुरी. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलेला, मास्तरकी केलेला, आणि पुस्तक विकणं ही लाज वाटण्याची गोष्ट नाही हे ज्याला उपजत कळलं होतं असा माणूस. कोट्टयमच्या ‘नॅशनल बुक स्टॉल’मागे हेच होते. हे दुकान संस्थेने आपल्यात घेतलं आणि संस्थेची पुस्तकं ‘एन.बी.एस.’ या तीन अक्षरांनी घराघरांत ओळखली जाऊ लागली. लिहिणाऱ्यांच्या कळपात एक विकणारा आला. संस्थेने स्वतःचा छापखाना केला. विश्वकोशाला हात घातला आणि त्याचे दहा खंड काढले. आपल्याकडे विश्वकोशासाठी सरकारला मंडळ नेमावं लागलं आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईला बसले म्हणून काम उभं राहिलं. तिकडे तेच काम लेखकांच्या पेढीने अंगावर घेतलं. धाडस म्हणावं की अंकगणिताचा अभाव, हे ज्याने त्याने ठरवावं. पण खंड निघाले.

आणि मग सहकारात व्हायचं ते झालं. ज्याला गठ्ठा बांधता येतो त्याला कधी ना कधी स्वतःची सुतळी घ्यावीशी वाटते. १९७४ मध्ये किझक्केमुरींनी कोट्टयममध्येच ‘डी. सी. बुक्स’ काढलं आणि बघता बघता ते मल्याळममधलं सगळ्यात बडं प्रकाशन झालं. आपल्याच तालमीत आपला प्रतिस्पर्धी तयार करणं ही संस्थेची शेवटची मोठी निर्मिती असं कुणी चेष्टेने म्हणेल. संस्थेचं तेज पुढे उतरलं तरी संस्था बुडाली नाही. कोट्टयमच्या वेशीवर, नाट्टकमला, तिच्या जागेवर ‘अक्षरम्’ हे भाषेचं संग्रहालय २०२४ मध्ये उघडलंसुद्धा. सहकारातला जाणता माणूस इथे मान डोलावेल. नावावर जमीन असली की संस्थेला मरण नाही.

दहा रुपयांऐवजी श्रम मागण्याचीही एक तऱ्हा आहे. ती अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, केंब्रिजला, १९७३ मध्ये पाच कवयित्री आणि दोन कवींनी सुरू केली. ‘ॲलिस जेम्स बुक्स’. तत्त्वज्ञ विल्यम जेम्स आणि कादंबरीकार हेन्री जेम्स यांच्या या बहिणीची दैनंदिनी ती गेल्यावर प्रसिद्ध झाली. दोन नामवंत भावांना सोडून बहिणीचं नाव पाटीवर लावणं हा आपल्याकडेही करून पाहण्यासारखा प्रयोग आहे. संस्थेचा नियम असा होता, की ज्याचं पुस्तक निघेल त्याने काही वर्षं संस्थेचं काम करायचं. इतरांची हस्तलिखितं वाचायची, पाकिटं भरायची, पत्ते लिहायचे. म्हणजे पुस्तक छापून घ्यायचं आणि मग ऋण फेडायचं, तेही दुसऱ्याच्या कविता वाचून. ही शिक्षा किती मोठी आहे हे स्पर्धेचा परीक्षक झालेला कुणीही कवी सांगेल. सात संस्थापकांत ली रुडॉल्फ नावाचे एक गणितज्ञही होते. कवींच्या सहकारात निदान एक तरी गणितज्ञ असावा, हा धडा एकशे वीस भागिले बारा यापुढे गेलेल्या सगळ्याच संस्थांनी घ्यावा.

मुंबईच्या चौघांकडे गणितज्ञ नव्हता, पण डॉक्टर होता. १९७६ च्या सुमारास आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, गीव्ह पटेल आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी इंग्रजी कवितेसाठी कवींचंच सहकारी प्रकाशन काढलं. नाव ‘क्लिअरिंग हाऊस’. पाटी वाचून एखादा चेक वटवायला आत शिरावा असं. त्याआधी इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कवीला मुख्य थारा कोलकात्याच्या पी. लाल यांचा. त्यांचं ‘रायटर्स वर्कशॉप’ १९५८ पासूनचं. पुस्तकं हातमागाच्या साडीच्या कापडात बांधलेली, देखणी. अट एवढीच, की कवीने आपल्याच पुस्तकाच्या शंभर प्रती विकत घ्यायच्या. भारतातल्या कितीतरी कवींच्या पलंगाखाली त्या काळी उत्तम हातमागाचा साठा होता तो असा. जस्सावालांचा पहिला संग्रह १९६२ मध्ये तिथूनच निघाला होता, म्हणजे पलंगाचा अनुभव घरात होता.

चौघांपैकी गीव्ह पटेल यांचा मुंबई सेंट्रलला दवाखाना. सकाळी खोकला-ताप बघायचे, उरल्या वेळात कविता, नाटकं आणि चित्रं. त्यांच्या संग्रहाच्या नावातच देहाला विचारलेला प्रश्न आहे, बाबा रे, तू हे सगळं सोसतोस तरी कसा. पेशंटच्या आधी डॉक्टरनेच विचारून घेतलेलं बरं. मेहरोत्रा अलाहाबादला प्राध्यापक, म्हणजे भागीदार शेकडो मैलांवर. विद्यार्थी असताना मित्रांबरोबर त्यांनी सायक्लोस्टाइलवर अनियतकालिक काढलं होतं आणि ‘एझरा-फकीर प्रेस’ असं नावही घेतलं होतं. नावातल्या तीन शब्दांपैकी आर्थिक परिस्थितीचं वर्णन मधल्याच शब्दात होतं. कोलटकर जाहिरात क्षेत्रातले नाणावलेले, पुरस्कारप्राप्त कलावंत. त्यामुळे मुखपृष्ठांचा खर्च वाचला. साबण खपवण्यासाठी ज्या हाताला कंपन्या पैसे मोजत होत्या, तो हात मित्रांच्या कवितांना फुकट लागला. पहिल्या फेरीत चौघांची चार पुस्तकं. सहकारी शेतात पहिलं पाणी आपल्याच वाफ्याला, यात गैर काही नाही.

त्या चारांतलं एक ‘जेजुरी’. खंडोबाच्या गडावर मराठी कवीने इंग्रजीत लिहिलेली कविता. १९७७ मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. कुठलंही धंदेवाईक प्रकाशन अशा वेळी लेखकाला फोन करून अभिनंदन करतं आणि दुसऱ्या दमात नव्या आवृत्तीचं बोलतं. कोलटकरांकडे फोन नव्हता. तो त्यांनी कधी घेतलाच नाही. काळा घोड्याजवळच्या ‘वेसाइड इन’मध्ये ते गुरुवारी दुपारी बसत, काम असेल त्याने तिथे जावं. म्हणजे परदेशातल्या संपादकाला निरोप द्यायचा झाला तर बुधवारी विमान पकडावं लागलं असतं. पुढे ‘वेसाइड इन’ बंद झालं तेव्हा बैठक ‘मिलिटरी कॅफे’त हलली, फोन नाही तो नाहीच.

क्लिअरिंग हाऊसने दिलीप चित्रे, जयंत महापात्र अशा बाहेरच्यांचीही पुस्तकं काढली आणि आठ-एक वर्षांत हात आखडता घेतला. दवाखाना, विद्यापीठ, जाहिरात आणि जगण्याची बाकीची कटकट सांभाळून चार कवी किती काळ गठ्ठे बांधणार? मराठीत मात्र एकट्याने बांधणारा माणूस निघाला. अशोक शहाणे. १९६३ मध्ये ‘मनोहर’ या नियतकालिकात लेख लिहून यांनी समकालीन मराठी साहित्याचा क्ष-किरण काढला होता. फिल्म अशी आली, की साहित्यात हाडं कमी आणि सूज जास्त. साहजिकच बहुतेक लेखक रुसले. मग शहाण्यांनी जे रुसले नव्हते त्यांची पुस्तकं काढायला ‘प्रास प्रकाशन’ चालवलं. छपाईतलं बारीकसारीक कळणारा आणि प्रुफातला अनुस्वार चुकला तर जेवण न जाणारा हा माणूस. प्रासकडून १९७७ मध्ये संग्रह आला, ‘अरुण कोलटकरच्या कविता’. ‘कोलटकरांच्या’ नव्हे, ‘कोलटकरच्या’. मुखपृष्ठावर आदरार्थी बहुवचन वाचवलं, तेवढाच खर्च कमी.

त्यानंतर ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ हे मराठी संग्रह आले ते थेट २००३-०४ च्या सुमाराला. मध्ये पाव शतक. लिहिणं चालू होतं, छापायची घाई नव्हती, ना कवीला ना प्रकाशकाला. एवढा संयम नागरी बँकेच्या थकबाकी विभागाकडेही नसतो. मग एकदम पुस्तकांवर पुस्तकं निघाली, ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ इंग्रजीत, आणि त्याच २००४ मध्ये २५ सप्टेंबरला कोलटकर गेले. दुसऱ्या वर्षी ‘भिजकी वही’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार जाहीर झाला. मराठीतली ‘जेजुरी’ तर त्याच्याही नंतर आली. एवढं होऊनही प्रासची पुस्तकं कुठे मिळतात, हे विचारायचं झालं तर आधी प्रासची पुस्तकं ज्याच्याकडे आहेत असा माणूस शोधावा लागतो, आणि तो आपल्या प्रती कुलपात ठेवून ‘मलाही माहीत नाही’ असं सांगतो.

लेखक एकत्र येत नाहीत म्हटल्यावर मराठीत वाचकांनाच एकत्र आणण्याची युक्ती निघाली. १९७५ मध्ये दिनकर गांगल आणि त्यांच्या पत्रकार-लेखक मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली. कायद्याच्या भाषेत सहकारी नसेल, पण हिशेब सहकाराचाच: वाचकाने पैसे आधी भरायचे, पुस्तकं मागाहून घ्यायची. कोट्टयमला लेखकांनी मधला मालक काढला. इथे वाचकानेच मालकाचं भांडवल घातलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये इथून आलं आणि मराठी आत्मचरित्राची पांढरपेशी बैठक मोडली. ज्या पुस्तकाला कुठल्याही हिशेबी माणसाने ‘हे कोण घेणार’ म्हणून विचारलं असतं, त्याला गिऱ्हाईक आधीच पैसे भरून बसलेलं होतं. कुठलं पुस्तक येणार याची नीट कल्पना नसताना पैसे भरणारा मध्यमवर्गीय मराठी माणूस एरवी फक्त भिशीत आढळतो.

आणि मग ग्रंथयात्रा. पुस्तकं गाडीत घालायची आणि गावोगाव जायचं. पत्रकार, प्राध्यापक, बँकेतले अधिकारी रजा टाकून खोकी उचलू लागले. खोकं उचलल्यावर साहित्याचं वजन नव्याने कळतं. समीक्षाग्रंथ सगळ्यात जड, कवितासंग्रह हलके, पण परतीच्या प्रवासात दोन्ही तेवढेच शिल्लक. अशा प्रदर्शनांतली एक खास जागा म्हणजे टेबलामागे बसलेला कवी. त्याचाच संग्रह समोर मांडलेला असतो, मलपृष्ठावर त्याचाच फोटो असतो, जरा जुना, जास्त केसांचा. गिऱ्हाईक संग्रह उचलतं, मधलं पान उघडतं, किंमत बघतं, मलपृष्ठ बघतं, कवीकडे बघतं, पुन्हा फोटोकडे बघतं. काहीतरी ओळख पटल्यासारखं होतं. कवी सावरून बसतो, पेनाचं टोपण काढतो.

“यावर किती टक्के?” गिऱ्हाईक विचारतं.

“दहा.”

“शेजारी वीस देतायत.”